ययातीतली देवघेव

डिसेंबरात रात्री नऊ-साडेनऊला गच्चीवर जा, उत्तरेकडे तोंड करा आणि मान बरीच वर करा. शर्मिष्ठेचा एम ओळखीचा असेल, तर त्याच्या जवळच, जरा पूर्वेला ययाती तारकासमूह सापडतो. त्यातला एक पांढरा, ठळक तारा म्हणजे अल्गोल. शेजारच्या देवयानीच्या पायाशी अलमाक नावाचा तारा आहे. एरवी अल्गोल आणि अलमाक तेजाला सारखेच, दोघेही साधारण दुसऱ्या प्रतीचे. (प्रत म्हणजे तेजाचा दर्जा; आकडा जितका मोठा तितका तारा मंद.) पण एखाद्या रात्री पाहावं तर अल्गोल उतरलेला असतो. अलमाकशी बरोबरी सोडाच, ययातीतल्याच एप्सिलॉन या साध्या ताऱ्यापेक्षाही तो फिका दिसतो.

मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आधी चष्मा पुसला, मग ढग आलाय का ते पाहिलं. ढग नव्हता. दोन तासांनी पुन्हा वर गेलो तर तारा सावरायला लागला होता.

अल्गोलचं हे मिटणं घड्याळासारखं चालतं. दर २ दिवस, २० तास आणि ४९ मिनिटांनी त्याची प्रत २.१ वरून ३.४ पर्यंत घसरते, म्हणजे प्रकाश तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी उरतो. उतरायला पाच तास, चढायला पाच तास. निरीक्षकाच्या सोयीची गोष्ट अशी की प्रत्येक खेपेला ही वेळ तीन तास अकरा मिनिटांनी अलीकडे येते. आज रात्री एक वाजता तारा सर्वांत मंद असेल, तर तिसऱ्या रात्री दहाच्या आतच असेल आणि त्यापुढची खेप संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास. मग काही दिवस हा खेळ उजेडात चालतो आणि आपल्या वाट्याला येत नाही.

अरबांनी याला ‘रास अल-घूल’ म्हटलं, म्हणजे पिशाच्चाचं डोकं. त्यांना त्याची उघडझाप ठाऊक होती म्हणूनच हे नाव पडलं, असं बरेच जण ठोकून सांगतात. त्याला लेखी पुरावा नाही. आपल्या ययातीच्या जागी ग्रीकांनी पर्सियस हा वीर पाहिला आणि त्याच्या हातात राक्षसिणीचं मुंडकं आधीच दिलेलं होतं, तेवढं कारणही पुरतं. तेज बदलतं हे इटलीतल्या जेमिनियानो मोंतानारीने सतराव्या शतकात नोंदवलं, पण त्यातला ठेका त्याला सापडला नाही.

तो सापडला इंग्लंडातल्या यॉर्क शहरातल्या एका बहिऱ्या मुलाला. जॉन गुडरिकला लहानपणापासून ऐकू येत नव्हतं. १२ नोव्हेंबर १७८२ च्या रात्री अल्गोल फिका झालेला पाहून तो चकित झाला. तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. एडवर्ड पिगट हा त्याचा शेजारी आणि आकाशातला जोडीदार. दोघांनी तो हिवाळा अल्गोलवर नजर ठेवण्यात घालवला आणि पुढच्या मे महिन्यात गुडरिकचा निबंध रॉयल सोसायटी या लंडनच्या विज्ञानसंस्थेपुढे वाचला गेला. एखादं अंधारं मोठं पिंड या ताऱ्याभोवती फिरत असावं आणि ठरलेल्या वेळी आपल्या आड येत असावं, असं एक कारण त्याने सुचवलं होतं. ताऱ्यावर डाग असतील, हे दुसरं. सोसायटीने त्याला कॉप्ली पदक दिलं. एप्रिल १७८६ मध्ये तिने त्याला सदस्यही करून घेतलं आणि चारच दिवसांनी तो वारला. वय एकवीस.

‘आड येणारं पिंड’ ही कल्पना शंभर वर्षं अंदाजच राहिली. १८८९ मध्ये जर्मनीतल्या पॉट्सडॅमला हेर्मान फोगेलने अल्गोलच्या प्रकाशाचा वर्णपट घेतला, म्हणजे तो प्रकाश रंगांत फोडून त्यातल्या बारीक रेषा पाहिल्या. या रेषा सरकतात त्यावरून तारा जवळ येतोय की दूर जातोय ते कळतं. ग्रहणाआधी तारा आपल्यापासून दूर जात होता आणि ग्रहणानंतर जवळ येत होता, सेकंदाला चाळीसेक किलोमीटर वेगाने. म्हणजे तो फिरत होता, आणि तारा एकटा फिरत नाही.

इथे फुगडी आठवावी. दोघी हात धरून फिरतात तेव्हा कुणीच मध्यभागी नसतं. दोघीही मधल्या एका बिंदूभोवती फिरतात, आणि एक अंगाने भरलेली, दुसरी काटकुळी असेल तर काटकुळीला मोठा फेर घ्यावा लागतो. द्वैती, म्हणजे जोडीने फिरणाऱ्या ताऱ्यांचं तसंच. कुणाचा फेर किती मोठा यावरून वजनांचं प्रमाण निघतं, आणि फेर नि वेळ दोन्ही कळले की न्यूटनच्या नियमाने खरी वजनंही निघतात. अडचण एवढीच, की वर्णपटातून फक्त जवळ-दूर होण्याचा वेग समजतो. फुगडी वरून बघतोय, तिरपी बघतोय की अगदी बाजूने, हे त्यातून कळत नाही. ग्रहण दिसलं की तो प्रश्न संपतो, कारण एक दुसरीच्या आड जाते ती बाजूने पाहिल्यावरच. शिवाय झाकायला किती वेळ लागला, त्यावरून ताऱ्यांची रुंदीही मोजता येते. दुर्बिणीतून नुसता ठिपका दिसणाऱ्या वस्तूचं वजन-माप याहून चोख घेण्याची दुसरी रीत फारशी नाही. मोठ्या मॅगेलन मेघाचं, म्हणजे शेजारच्या छोट्या दीर्घिकेचं, अंतर २०१९ मध्ये एक टक्क्याच्या अचूकतेने निघालं तेही तिथल्या अशाच वीस जोड्यांवरून. ते भरलं सुमारे १ लाख ६२ हजार प्रकाशवर्षं.

अल्गोलमधला मंद जोडीदार इतका फिका की त्याच्या वर्णरेषा हाती लागायला १९७८ साल उजाडलं. आज हिशोब असा मांडतात: तेजस्वी तारा सूर्याच्या सव्वातीनपट वजनाचा, मंद तारा सूर्याच्या फक्त ०.७ पट. दोघांमध्ये अंतर ९३ लाख किलोमीटरच्या आसपास, म्हणजे बुध-सूर्य अंतराच्या सहाव्या हिश्श्याइतकं.

आणि इथेच घोळ होता. तो हलका तारा सूर्याच्या साडेतीनपट रुंद आहे. गाभ्यातलं हायड्रोजन संपलं की तारे असे फुगतात. म्हणजे तो म्हातारा आहे. भारी तारा मात्र अजून ऐन तारुण्यात आहे. दोघं एकाच वेळी जन्मलेली जुळी, आणि ताऱ्यांचा नियम असा की जो भारी तो आधी संपतो. सूर्याच्या तिप्पट वजनाचा तारा तीस-चाळीस कोटी वर्षांत इंधन उधळून बसतो. सूर्याच्या ०.७ पट ताऱ्याला म्हातारपण यायला विश्वाचं आजवरचं १,३८० कोटी वर्षांचं वयसुद्धा पुरत नाही. मग हा हलका आधी म्हातारा कसा झाला?

१९५५ मध्ये जॉन क्रॉफर्ड या खगोलशास्त्रज्ञाने उत्तर सुचवलं: तो जन्मतः हलका नव्हताच. पूर्वी तोच भारी होता.

महाबळेश्वरच्या घाटमाथ्यावर पडणारा पाऊस डोळ्यांसमोर आणा. एका बाजूचं पाणी कोकणात उतरून अरबी समुद्राला मिळतं, दुसऱ्या बाजूचं कृष्णेतून थेट बंगालच्या उपसागरात. जोडीतल्या ताऱ्यांमध्येही असा एक घाटमाथा असतो. त्याच्या अलीकडचा वायू या ताऱ्याचा, पलीकडचा त्या ताऱ्याचा. ताऱ्याभोवतीच्या या हद्दीला एदुआर रोश या फ्रेंच गणितज्ञाचं नाव आहे. भारी तारा आधी म्हातारा झाला, फुगता फुगता माथ्यापर्यंत पोचला आणि त्याचा वायू पलीकडे सांडू लागला. सांडता सांडता तो हलका झाला आणि जोडीदार भारी. आज आपल्याला दिसतो तो या देवघेवीनंतरचा अल्गोल. थोडी गळती अजूनही चालू आहे.

या ताऱ्यांना ययातीच्या घरात जागा मिळाली, हा योगायोग मला फार आवडतो. पुराणातल्या ययातीने आपलं म्हातारपण मुलाच्या गळ्यात बांधून त्याचं तारुण्य घेतलं. इथे उलटं झालं: म्हाताऱ्याने आपला वायू दिला आणि घेणारा टवटवीत झाला.

अशी देवघेव ऐन भरात असलेली जोडी अभिजितच्या शेजारी, स्वरमंडळात आहे. बीटा लायरी. हिचे तेजबदलही गुडरिकनेच १७८४ मध्ये टिपले. तिथे इतका माल वाहतोय, की घेणारा तारा त्या वायूच्या जाड तबकडीत पार दडून गेलाय. वजनाची वाटणी बदलली की फेराची वेळही बदलते. हिची जवळपास तेरा दिवसांची फेरी दरवर्षी सुमारे १९ सेकंदांनी लांबते. गुडरिकच्या काळापासून ती तासाभराहून जास्त वाढली आहे.

सप्तर्षी समूहातल्या डब्ल्यू या जोडीचे तारे तर इतके जवळ की एकाच गोधडीत झोपल्यासारखे, वरचा वायू सामाईक. फेरी आठ तासांची. अशा जोड्यांचा शेवट कसा होऊ शकतो ते वृश्चिकेतल्या व्ही १३०९ ने दाखवलं. २००८ मध्ये हा तारा एकाएकी भडकला. मग जुन्या नोंदी चाळल्या तेव्हा दिसलं, की भडकण्याआधी ती दीड दिवसाहून कमी फेरीची जोडी होती आणि फेरी वर्षागणिक आखडत चालली होती. दोघं मिळून एक झाले होते.

यावरून हुरूप येऊन २०१७ मध्ये हंस तारकासमूहातल्या अशाच एका जोडीचं भाकीत झालं: २०२२ मध्ये हे दोघे एकमेकांवर आदळतील, नुसत्या डोळ्यांना दिसेल. वर्तमानपत्रांनी ते उचललं. पुढच्याच वर्षी कळलं, की २००४ च्या एका लेखात जुन्या ग्रहणाची वेळ बरोबर बारा तासांनी चुकीची छापली गेली होती. ती दुरुस्त केल्यावर फेरी आखडण्याचा तो कल उरलाच नाही आणि भाकीत मागे घेतलं गेलं.

जोडीवर गोष्ट थांबत नाही. अल्गोललाच तिसरा साथीदार आहे, ६८० दिवसांत फेरी घेणारा. पुनर्वसूतला कॅस्टर म्हणजे सहा तारे, तीन जोड्या, त्यातली एक ग्रहणाची. २०२१ मध्ये नासाच्या टेस या ताऱ्यांचं तेज मोजणाऱ्या उपग्रहाच्या नोंदींत टीआयसी १६८७८९८४० हे सहा ताऱ्यांचं कुटुंब सापडलं, आणि तिथे तिन्ही जोड्यांत ग्रहणं लागतात.

अल्गोल पाहून झाल्यावर नजर पूर्वेकडे, ब्रह्महृदयाकडे न्या. त्या पिवळसर ताऱ्याजवळ तीन ताऱ्यांचा छोटा त्रिकोण आहे, त्यातला ब्रह्महृदयाला सर्वांत जवळचा तो एप्सिलॉन ऑरिगी. याचं ग्रहण दर २७ वर्षांनी लागतं आणि दोन वर्षं टिकतं, कारण त्याला झाकते ती धुळीची एक अवाढव्य तबकडी. मागचं ग्रहण २०११ मध्ये सुटलं. पुढचं २०३६ मध्ये लागेल.