स्प्रिंग ट्रेनिंगचे सामने (बेसबॉल)

अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉलच्या हंगामाआधी, फेब्रुवारीअखेरपासून मार्चअखेरपर्यंत खेळले जाणारे सराव सामने. ३० संघांपैकी १५ फ्लोरिडात (ग्रेपफ्रूट लीग) आणि १५ ॲरिझोनात (कॅक्टस लीग) तळ ठोकतात. पिचर (चेंडू टाकणारे) आणि कॅचर (फलंदाजामागे बसून तो झेलणारे) फेब्रुवारीच्या मध्यालाच दाखल होतात, बाकीचे मागून येतात.

या सामन्यांचे निकाल हंगामाच्या गुणतक्त्यात धरले जात नाहीत. बरोबरीवरही खेळ थांबतो. म्हणून जिंकले कोण, याला फारसा अर्थ नसतो. पाहायची ती माणसे. दुखापतीनंतर परतलेल्या पिचरच्या चेंडूला पूर्वीचा वेग आहे का? नव्या जागी उभा केलेला क्षेत्ररक्षक तिथे रुळतो का? सुरुवातीच्या सामन्यांत मुख्य पिचर नऊपैकी दोन-तीन इनिंगच (डावच) टाकतो आणि पाचव्या-सहाव्या इनिंगनंतर नामवंत मंडळी बाहेर बसतात. मग मैदानात येतात सत्तरच्या, ऐंशीच्या, नव्वदच्या घरातले क्रमांक पाठीवर असलेली पोरे. बरेच प्रेक्षक याच वेळी उठतात, आणि तिथेच चुकतात. संघात जागा मिळवण्यासाठी जीव तोडून धावणारा खेळाडू पाहायचा तर शेवटच्या तीन इनिंगना बसून राहावे. हाताने धावपत्रक लिहिणाऱ्याची मात्र त्या वेळी तारांबळ उडते. एकेका रकान्यात तीन-तीन नावे कोंबावी लागतात.

कॅक्टस लीगची सर्व मैदाने फिनिक्स महानगराच्या परिसरातच असल्याने दुपारी एक आणि रात्री दुसरा असे दोन सामने एका दिवसात पाहता येतात. फ्लोरिडात मैदाने दूरदूर पसरलेली आहेत, त्यामुळे तिथे गाडीचा प्रवास आलाच. मैदाने लहान, शिकागो कब्ज संघाचे ॲरिझोनातील मेसा येथील स्लोन पार्क मोठे मानले जाते, तरी तिथेही प्रेक्षक सुमारे १५,००० मावतात. आउटफिल्डमागच्या हिरवळीच्या उतारावर चादर अंथरून बसण्याची पद्धत आहे. सामन्याआधी कठड्यापाशी उभे राहिले तर खेळाडूंच्या सह्याही मिळतात.

‘ग्रेपफ्रूट’ नावामागे १९१५ सालची एक कथा सांगतात: फ्लोरिडातील डेटोना बीच येथे विमानातून टाकलेला चेंडू झेलायला ब्रुकलिन संघाचे व्यवस्थापक विल्बर्ट रॉबिन्सन उभे राहिले आणि वरून आले ते ग्रेपफ्रूट.

त्याच डेटोना बीचवर १७ मार्च १९४६ रोजी जॅकी रॉबिन्सन, पुढच्याच वर्षी मेजर लीगमधील वर्णभेदाची भिंत मोडणारे कृष्णवर्णीय खेळाडू, मॉन्ट्रियल रॉयल्स या डॉजर्सच्याच मायनर लीग (कनिष्ठ लीग) संघाकडून ब्रुकलिन डॉजर्सविरुद्ध खेळले. काही दिवसांपूर्वीच वर्णद्वेष्ट्यांच्या धमक्यांमुळे त्यांना सॅनफर्ड गाव सोडावे लागले होते. त्या दिवशी कृष्णवर्णीय प्रेक्षकांना वेगळ्या भागात बसवले होते, आणि तो भाग खचाखच भरला होता. निकाल नोंदीत न धरलेला हा सामना बेसबॉलच्या इतिहासात मात्र कायमचा नोंदला गेला. ते मैदान आज जॅकी रॉबिन्सन यांच्या नावाने ओळखले जाते.

शिबिरात साठच्या आसपास खेळाडू असतात. मार्चअखेर यादी २६ वर येते. वगळलेल्यांपैकी बरेच जण मायनर लीगकडे वळतात. मार्चमध्ये त्यांना पाहून ठेवलेले चाहते एप्रिलनंतर ट्रिपल-ए (मायनर लीगची सर्वात वरची पायरी) संघांच्या धावपत्रकांत तीच नावे शोधत राहतात.