डॉक्टरांचे स्वास्थ्य आणि रुग्णसंबंध (ग्रामीण विदर्भ)

डॉक्टरच्या तना-मनाची अवस्था आणि रुग्णांशी, गावाशी असलेले त्याचे नाते यांचा परस्परसंबंध. कामाचा ताण दीर्घकाळ साचून येणाऱ्या गळाठ्याला ‘बर्नआउट’ म्हणतात. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याची व्याख्या आजार म्हणून नव्हे, तर कामाशी निगडित अवस्था म्हणून केली. शक्ती संपणे, कामावरून मन उडणे आणि आपल्या हातून काही होत नाही असे वाटणे, ही तिची तीन अंगे. खेड्यात यांपैकी दुसरे अंग सर्वांत घातक ठरते. तिथे डॉक्टरचे मन उडाले, तर रुग्णाला बहुधा दुसरा दवाखाना जवळ नसतो.

प्राथमिक आरोग्य केंद्र सपाट भागात ३०,००० आणि आदिवासी-डोंगराळ भागात २०,००० लोकसंख्येसाठी असावे, असा निकष आहे. सकाळी ओपीडी, रात्री बाळंतपण, मधल्या वेळात अहवाल आणि बैठका. खरिपात सर्पदंश येतात, कपाशीच्या फवारणीतून विषबाधा होते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात अशा विषबाधेने अनेक शेतकरी-शेतमजूर दगावले. कर्जापायी विष घेतलेला शेतकरीही याच दारात आणला जातो. रात्रभर ज्याच्यासाठी धडपड केली, त्याचेच शवविच्छेदन सकाळी करण्याची पाळी कधी त्याच डॉक्टरवर येते. बाहेर थांबलेल्या घरच्यांशी बोलायचेही त्यालाच असते. त्यानंतर पुन्हा ओपीडी. हे दुःख मोकळे करायला सरकारी वेळापत्रकात जागा नाही, आणि ती असायला हवी.

नाते जुळायला भाषा लागते. ‘हातपाय गळून राह्यले’ एवढ्या वऱ्हाडी वाक्यात अशक्तपणा असू शकतो, तशी नापिकीची धास्तीही. गडचिरोलीत माडिया-गोंडी, मेळघाटात कोरकू येत नसेल, तर डॉक्टर आणि रुग्ण दोघेही एकटे पडतात.

सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयात (स्थापना १९६९, डॉ. सुशीला नायर) प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते, विद्यार्थी तिथे शिबिराला राहतात आणि वाट्याला आलेल्या कुटुंबांकडे पुढेही जात राहतात. रोगाआधी घर पाहण्याची ही सवय मोलाची आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीत शोधग्राम उभारताना दवाखाना कसा हवा हे आदिवासींनाच विचारले. त्यातून झोपड्यांसारख्या इमारतींचा, दंतेश्वरी देवीच्या नावाचा दवाखाना उभा राहिला. हेमलकशात १९७३ पासूनच्या लोकबिरादरी प्रकल्पात डॉ. प्रकाश आणि मंदाकिनी आमटे माडिया शिकले. सुरुवातीला लोक त्यांच्याकडे यायला बिचकत होते.

मात्र जिव्हाळा हा रिक्त पदांना, गळक्या निवासस्थानांना किंवा औषधांच्या तुटवड्याला पर्याय नव्हे. रुग्ण दगावल्यावर होणाऱ्या हल्ल्यांविरुद्ध राज्यात २०१० चा कायदा आहे. पण संतापलेल्या नातेवाइकांसमोर उभ्या असलेल्या तरुण डॉक्टरला त्या क्षणी गावातल्या ओळखीच्या चार माणसांचाच आधार असतो.

आमटे, बंग किंवा मेळघाटातील बैरागडचे रवींद्र आणि स्मिता कोल्हे ही सगळी दांपत्ये आहेत, याची दखल क्वचित घेतली जाते. रात्रीच्या मृत्यूबद्दल बोलायला त्यांच्या घरातच कुणी होते. वर्षाच्या बॉण्डवर (शिक्षणानंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेवर) एकट्याने आलेल्या वैद्यकीय अधिकाऱ्याला असे कुणी नसते. त्याने जेवण केले का, हे बहुधा केंद्रातल्या सिस्टर किंवा गावची आशाताईच विचारतात.