पांढऱ्या हत्तीची उलटलेली ओळख

तोट्यात चाललेला सरकारी प्रकल्प, बंद पडलेला कारखाना, कुणी वापरत नसलेली टोलेजंग इमारत, यांच्या बातमीत ‘पांढरा हत्ती’ हमखास येतो. हा वाक्प्रचार आता इतका रुळला आहे की तो आपलाच वाटावा. पण मराठीतला जुना हत्ती असा नाही. एखाद्या घराण्याची श्रीमंती सांगायची तर त्यांच्या दारी हत्ती झुलत होते म्हणायचं. आनंदाची बातमी आली की हत्तीवरून साखर वाटायची. वैभवाची परिसीमा म्हणजे गजान्तलक्ष्मी. आणि पांढरा हत्ती तर थेट इंद्राचं वाहन.

या शुभपणाचं मूळ मला पावसात दिसतं. ऐरावत समुद्रमंथनातून वर आला. ‘इरा’ म्हणजे पाणी, त्यावरून त्याचं नाव. ब्रह्मदेशातल्या इरावती नदीचं नावही त्याच कुळातलं. हत्तींविषयीच्या जुन्या संस्कृत ग्रंथांत अशी कथा आहे की हत्ती पूर्वी ढगांबरोबर आकाशात फिरत आणि एका ऋषीच्या शापाने ते जमिनीवर उतरले. गजलक्ष्मीच्या दोन्ही बाजूंचे हत्ती तिच्यावर पाणी ओततात. वेरूळच्या कैलास लेण्यात शिरताच कमळांच्या तळ्यात बसलेली लक्ष्मी समोर येते, ती हीच. आणि आपला भोंडला? सूर्य हस्त नक्षत्रात गेला की पाटावर हत्ती काढून मुली त्याच्याभोवती फेर धरतात. शेतकरी या दिवसांतल्या पावसाला ‘हत्तीचा पाऊस’ म्हणतो, रब्बीची भिस्त त्याच्यावर असते.

पाऊस आणणारा असाच पांढरा हत्ती वेस्सन्तर जातकात, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या कथांपैकी एकीत, भेटतो. कलिंगात दुष्काळ पडतो, तिथले ब्राह्मण राजपुत्र वेस्सन्तराकडे त्याचा हत्ती मागायला येतात आणि तो देऊन टाकतो. प्रजा अशी खवळते की राजपुत्राला वनवास पत्करावा लागतो. अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात ही कथा रंगवलेली आहे. तिच्याइतकंच महत्त्व बुद्धाची आई मायादेवी हिच्या स्वप्नाला. पांढरा हत्ती तिच्या कुशीत शिरतो आणि सिद्धार्थ गर्भात येतो. भारहूतच्या स्तूपाच्या कठड्यावर हे स्वप्न इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात कोरलं गेलं. तो कठडा आज कोलकात्याच्या संग्रहालयात आहे. गिरनारला अशोकाच्या शिलालेखांपाशीही ‘सर्व लोकांना सुख आणणारा सर्वश्वेत हत्ती’ अशा अर्थाची ओळ आहे.

बौद्ध भिक्षूंबरोबर या कथा ब्रह्मदेश, सयाम (आजचं थायलंड), लाओसपर्यंत गेल्या आणि तिथे त्यांना राजकीय वजन आलं. ज्याच्या राज्यात पांढरा हत्ती सापडेल तो राजा पुण्यवान, त्याच्या राज्याला पाऊसपाण्याची ददात नाही. लाओसमधल्या जुन्या राज्याचं नावच लान सांग, म्हणजे ‘दहा लाख हत्ती’.

सयाममधल्या अयुथ्याच्या महाचक्रफत राजाकडे बरेच पांढरे हत्ती जमले, तेव्हा ब्रह्मदेशचा राजा बायिन्नौंग याने त्यांतले दोन मागितले. ही मागणी साधी नव्हती. हत्ती पाठवणं म्हणजे त्याचं मांडलिकत्व कबूल करणं. नकार मिळताच १५६३ मध्ये त्याने स्वारी केली आणि पुढच्या वर्षी अयुथ्याला दोनाऐवजी चार हत्ती द्यावे लागले, वर राजपुत्र ओलीस. दोनशे वर्षांनी, १७६७ मध्ये, ब्रह्मी फौजांनी अयुथ्या बेचिराख केली, तेव्हा ब्रह्मदेशच्या गादीवर असलेल्या राजाचं नाव होतं सिन्ब्यूशिन. अर्थ, ‘पांढऱ्या हत्तीचा धनी’.

हा हत्ती दुधासारखा पांढरा नसतोच. अंगावर पाणी ओतलं की कातडी तांबूस, गुलाबीसर दिसते, एवढंच. थायलंडमध्ये त्याची पारख सात ठिकाणी करतात: डोळे, टाळू, नखं, अंगावरचे केस, कातडी, शेपटीचे केस आणि वृषण. असा हत्ती सापडला तर तो राजाच्या स्वाधीन करावा, असा कायदा १९२१ मध्ये झाला.

मग ‘पांढरा हत्ती’ हा तोट्याचा शब्द कुठून झाला? इंग्रजीतून. सयामचा राजा नावडत्या दरबाऱ्याला पांढरा हत्ती भेट देई आणि तो पोसता पोसता दरबारी भिकेला लागे, ही गोष्ट १९व्या शतकात इंग्रजीत पसरली. सयामच्या इतिहासात तिला आधार सापडत नाही. आधाराची गरज तरी काय? ज्याच्यापायी राजाने राज्य पणाला लावलं, तो हत्ती तो नकोशा माणसाच्या दारात नेऊन बांधेल? तरी ही ऐकीव गोष्ट वर्तमानपत्रांच्या वाटेने मराठीत आली आणि आपण ती बिनतक्रार घेतली. याचं मला वाईट वाटतं.

सयामच्या लाल झेंड्यावर १९१७ पर्यंत पांढरा हत्ती होता. थायलंडच्या नौदलाच्या झेंड्यावर तो आजही आहे. म्यानमारमधल्या राखाइनमध्ये २०२२ साली फिकट रंगाचं पिल्लू जन्मलं, तेव्हा सरकारी वर्तमानपत्राने त्याची शुभलक्षणं मोजून छापली: मोत्याच्या रंगाचे डोळे, पांढरे केस, मोठे कान, पुढच्या पायांना पाच-पाच नखं आणि मागच्यांना चार-चार.