नाईलचं पाणी साठवायचं कुठं?

कोयना धरण भरलं की साधारण १०५ टीएमसी पाणी साठतं. इथिओपियाने नाईलच्या मोठ्या उपनदीवर, निळ्या नाईलवर बांधलेल्या 'ग्रँड इथिओपियन रेनेसाँ' धरणात अशा जवळजवळ २५ कोयना मावतात. त्याचं काम २०११ साली सुरू झालं आणि उद्घाटन सप्टेंबर २०२५मध्ये झालं. मधल्या काळात या धरणावरून इथिओपिया आणि नदीच्या खालच्या अंगाला असलेले इजिप्त-सुदान यांच्यातला वाद दोनदा संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे गेला.

इजिप्तची धास्ती खोटी नाही. १० कोटींहून जास्त माणसांच्या या देशात पाऊस नावापुरताच पडतो. शेतीचं आणि पिण्याचं जवळपास सगळं पाणी नाईलचं, आणि इजिप्तच्या अस्वान धरणाला पोचणाऱ्या पाण्यापैकी सुमारे ८५ टक्के पाणी इथिओपियाच्या डोंगराळ भागातून येतं. तरीही १९५९च्या करारात इजिप्त आणि सुदान या दोघांनीच ते वाटून घेतलं. वर्षाला इजिप्तला साडेपंचावन्न अब्ज घनमीटर, म्हणजे सुमारे १९६० टीएमसी, तर सुदानला साडेअठरा अब्ज. उरलेले १० अब्ज अस्वानच्या जलाशयातून वाफ होऊन जाणार म्हणून आधीच वजा धरले. इथिओपियाला कुणी विचारलंच नाही. हा अन्याय होता, असं मला स्पष्ट वाटतं.

वीजनिर्मितीसाठी अडवलेलं पाणी टर्बाइन फिरवून पुन्हा नदीतच येतं. जलाशय एकदा भरला की फरक पडतो तो मुख्यतः वेळेत. निळ्या नाईलचं बहुतेक पाणी जुलै ते ऑक्टोबरमध्ये लोंढ्याने येतं, ते आता वर्षभर सोडता येईल. सुदानला याचा फायदाच आहे, कारण पूर आणि गाळ दोन्ही कमी होतील. पण वरून किती विसर्ग होणार हे आधी कळलं नाही, तर खालचं रोझेरिस धरण धोक्यात येऊ शकतं. अलमट्टीच्या विसर्गाकडे डोळे लावून बसणाऱ्या सांगली-कोल्हापूरकरांना हे वेगळं सांगायला नको.

खरी अडचण अशी आहे. अस्वानचा जलाशय वाळवंटात पसरलेला आहे. तिथून दरवर्षी तीन कोयना धरणांपेक्षा जास्त पाणी नुसतं उडून जातं. इथिओपियाचं धरण उंचावर, त्यामानाने थंड हवेत आहे आणि त्याचा पृष्ठभागही लहान. पाणी वाचवायचं तर ते वर साठवणं शहाणपणाचं. पण वर साठवलं की चावी दुसऱ्या देशाच्या हाती जाते. १९८०च्या दशकातल्या दुष्काळात इजिप्त तगला, तो अस्वानच्या साठ्यावर. तो साठाही १९८८पर्यंत तळाला चालला होता.

म्हणून सगळी वाटाघाट एका मुद्द्यावर अडते: सलग तीन-चार वर्षं पाऊस कमी झाला, तर वरच्या धरणातून किती पाणी सोडायचं? इजिप्तला हा आकडा बंधनकारक करारात हवा आहे. तसा करार म्हणजे १९५९ची वाटणी मागल्या दाराने मान्य करणं, अशी इथिओपियाला भीती आहे. आपल्याकडे राज्यांच्या भांडणात निदान लवाद आणि सर्वोच्च न्यायालय असतं. इथे दोघांनाही बांधील असा निवाडा देणारं कुणीच नाही.