सनद मिळाली, काम कोण देणार? खान्देशातल्या वकिलीमागचा इतिहास

मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपल्याच आवारातल्या बार असोसिएशनला, म्हणजे वकिलांच्या संघटनेला बजावलं, की कार्यकारिणीतल्या किमान एक तृतीयांश जागा महिला वकिलांसाठी ठेवा. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या बार रूमपर्यंत हा विषय आज ना उद्या पोचणारच. तेव्हा पहिलं उत्तर येईल, ‘आमच्याकडं कुठं भेदभाव आहे? सनद काढा आणि या.’ सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, आणि काम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे शंभर वर्षांचा इतिहास सांगतो. त्यातला एक मोठा तुकडा खान्देशच्याच मातीत घडला आहे.

वकिलीतला पहिला भेद कातडीच्या रंगाचा होता. १८६२ मध्ये मुंबई हायकोर्ट सुरू झालं तेव्हा तिथला मान, पैसा आणि मोठे दावे लंडनहून आलेल्या बॅरिस्टरांकडे, म्हणजे तिथे वकिलीची परीक्षा दिलेल्यांकडे होते. बद्रुद्दीन तय्यबजी १८६७ मध्ये मुंबईतले पहिले भारतीय बॅरिस्टर झाले. बाकीच्या भारतीयांसाठी वकील आणि प्लीडर या खालच्या पायऱ्या होत्या. मोफसलमधला, म्हणजे मुंबईसारख्या मोठ्या शहरांबाहेरचा भारतीय न्यायाधीश कितीही शिकलेला असला, तरी गोऱ्या आरोपीचा फौजदारी खटला त्याला चालवता येत नसे. खान्देश मोफसलमध्येच येत होता. हा भेद काढण्यासाठी १८८३ मध्ये इल्बर्ट बिल आलं. त्यावर गोऱ्यांनी इतका गदारोळ केला, की शेवटी निम्मे ज्युरी गोरे मागण्याचा हक्क त्यांना देऊन तडजोड करावी लागली. बॅरिस्टर, वकील, प्लीडर ही उतरंड कायद्याने पूर्ण संपली ती थेट १९६१ च्या अॅडव्होकेट्स अॅक्टने.

बायकांना तर सनदच नव्हती. शेजारच्या नाशकात १८६६ मध्ये जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर. १८९२ मध्ये त्यांनी ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा दिली. पण ऑक्सफर्ड तेव्हा बायकांना पदवीच देत नव्हतं, त्यामुळे पदवी हातात पडायला तीस वर्षं लागली. भारतात परतल्यावर मुंबईची एलएलबी झाली, अलाहाबादची वकिलीची परीक्षा झाली, तरी कोर्टात उभं राहण्याचा हक्क नाही. पडद्यातल्या जमीनदार विधवांची इस्टेट सांभाळण्यासाठी सरकारने त्यांना सल्लागार नेमलं, म्हणजे त्यांचं ज्ञान सरकारला चालत होतं. १९१६ मध्ये रेजिना गुहा यांच्या अर्जावर कलकत्ता हायकोर्टाने ठरवलं, की वकिलीच्या कायद्यातल्या ‘व्यक्ती’त बाई येत नाही. सुधांशुबाला हाजरा यांच्या अर्जावर पाटणा हायकोर्टानेही तोच मार्ग धरला. अलाहाबाद हायकोर्टाने मात्र १९२१ मध्ये कॉर्नेलियांना नोंदवून घेतलं, आणि १९२३ मध्ये केंद्रीय कायद्याने हा अडसर देशभर दूर झाला. त्यानंतर लगेच मिठन टाटा, पुढच्या मिठन लाम, मुंबई हायकोर्टात वकिली करणाऱ्या पहिल्या महिला ठरल्या.

खान्देशात हे सगळं उशिरा आलं. कायदा शिकायचा तर मुंबई किंवा पुणं गाठावं लागे, आणि मुलीला एकटं तिकडे कोण पाठवणार? नाडगावला जन्मलेल्या प्रतिभा पाटील जळगावच्या एम. जे. कॉलेजातून मुंबईच्या गव्हर्न्मेंट लॉ कॉलेजात गेल्या, परत येऊन जळगावच्या कोर्टात वकिली केली आणि १९६२ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, आमदार झाल्या. पुढे त्या राष्ट्रपती झाल्या म्हणून आपण त्यांचं नाव घेतो. पण त्या काळात जळगावच्या कोर्टात काळा कोट घालून उभं राहणं हीच मोठी गोष्ट होती, असं मला वाटतं. जळगावात मणियार लॉ कॉलेज झाल्यावर एसटीने ये-जा करून शिकणाऱ्या मुलींना वाट मिळाली.

१९२३ याच वर्षी आणखी एका माणसाने मुंबई हायकोर्टात वकिली सुरू केली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे कोलंबिया, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन (लंडनची बॅरिस्टर घडवणारी संस्था) अशा तिन्ही ठिकाणचं शिक्षण होतं, पण सनदेच्या शुल्काला पैसे नव्हते. ते मित्र नवल भथेना यांनी दिले. सनद आली, तरी काम येईना. हायकोर्टातलं मोठं काम सॉलिसिटर फर्मकडून, म्हणजे अशिलासाठी बॅरिस्टर नेमणाऱ्या कंपन्यांकडून येई आणि त्या फर्म अस्पृश्य बॅरिस्टरला ब्रीफ, म्हणजे खटल्याचं काम द्यायला तयार नव्हत्या. मग जिल्ह्याजिल्ह्यांतल्या कोर्टांची कामं आणि जोडीला बाटलीबॉय यांच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवणं, असं करून घर चालवावं लागलं.

१९२८ मध्ये मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करायला समिती नेमली. बाबासाहेब तिचे सदस्य होते आणि १९२९ च्या दौऱ्यात खान्देशचे दोन्ही जिल्हे त्यांच्या वाट्याला आले. (१९०६ मध्ये खान्देशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले होते.) दौरा संपवून मुंबईला जाताना ते चाळीसगावला उतरले. धुळ्याच्या मार्गावरच्या एका गावात सवर्णांनी अस्पृश्यांवर बहिष्कार घातला होता, त्याची माहिती घेऊन ते परत चाळीसगावला आले. महारवाड्यातल्या लोकांनी रात्री मुक्कामाचा आग्रह धरला होता. स्टेशनवर हार घातले, पण तासभर कुणी हलेना. कारण नंतर कळलं. एकही टांगेवाला त्यांना बसवून टांगा हाकायला तयार नव्हता. शेवटी तोड निघाली, की टांगा भाड्याने न्या, हाकणारा तुमचा आणा. हाकायला बसलेल्या माणसाने आयुष्यात टांगा हाकला नव्हता. नदीवरच्या मोरीवर टांगा उलटला, घोडा आणि गाडी नदीत पडली, बाबासाहेब दगडी फरशीवर आपटले आणि त्यांचा पाय मोडला. पुढे त्यांनी हा प्रसंग लिहून ठेवला. अस्पृश्य माणूस बॅरिस्टर असला तरी साधा टांगेवाला स्वतःला त्याच्यापेक्षा वरचा समजतो, हा त्यातून त्यांनी काढलेला अर्थ.

चाळीसगावच्या शाळांमध्ये हा प्रसंग गावाचा इतिहास म्हणून शिकवला जायला हवा. कारण यात सॉलिसिटर आणि टांगेवाला एकाच रांगेत उभे दिसतात. दोघांनीही कुठला कायदा मोडला नाही. दोघांनी फक्त आपली सेवा कुणाला द्यायची हे जातीवरून ठरवलं. ३१ जुलै १९३७ रोजी बाबासाहेब एका खटल्यासाठी धुळ्याला आले आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यात उतरले. त्या आठवणीत आजही दरवर्षी ३१ जुलैला तिथे हजारो लोक जमतात.

सातपुड्याच्या बाजूला गोष्ट आणखी वेगळी आहे. तिथे प्रश्न आधी पक्षकाराचा होता. शहाद्यात आदिवासींच्या जमिनी कर्जापायी आणि कागदावरच्या अंगठ्यापायी मोठ्या शेतकऱ्यांकडे गेल्या. आदिवासी नेते अंबरसिंग सुरतवंती आणि १९७२ मध्ये उभी राहिलेली श्रमिक संघटना यांनी त्यासाठी लढा दिला. आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा राज्याचा कायदा १९७४ मध्ये आला. कायदा आला म्हणजे तारखा आल्या, तारखा आल्या म्हणजे वकील आला. पण भिली किंवा पावरी बोलणाऱ्या माणसाचं म्हणणं मराठी कैफियतीत आणि पुढे इंग्रजी निकालात जाताना त्यातलं काय उरत असेल? नंदुरबार जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे. दुसरीकडे, २०१८ नंतर देशभरच्या हायकोर्टांत नेमलेल्या न्यायाधीशांत अनुसूचित जमातींचे साधारण दोन टक्के. धडगावच्या डोंगरातला पोरगा वकील होऊन हायकोर्टाच्या पायरीपर्यंत जाईल अशी साखळीच आपण अजून बांधलेली नाही.

ती साखळी तुटते कुठे? माझ्या मते ज्युनियरशिपच्या पहिल्या चार-पाच वर्षांत. सनद काढून कुठल्या तरी सीनियरकडे बसायचं, तारखा घ्यायच्या, अर्ज टाईप करून घ्यायचे, आणि हातात येतील ते पैसे घेऊन गप्प बसायचं. ज्याचे वडील किंवा काका वकील आहेत, त्याला ऑफिस, पुस्तकं आणि अशील तिन्ही तयार मिळतात. शेतमजुराच्या मुलाला ती वर्षं परवडत नाहीत. मुलीचं त्याच वर्षांत लग्न ठरतं. ती टिकली, तरी तिच्याकडे पोटगी आणि घटस्फोटाची कामं येतात. जमिनीचा दावा किंवा खुनाचा खटला ‘वकीलसाहेबांकडे’ जातो. अशिलाच्या मनातलं हे चित्र सीनियरने बदलायला हवं, पण बरेच सीनियर ते पुढे चालवतात. वकिलांचं नियमन करणाऱ्या बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनियरना शहरात महिना २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत असं परिपत्रक काढलं. ती शिफारस आहे, सक्ती नाही. देशभरच्या वकिलांत महिला सुमारे १५ टक्के राहिल्या, त्याचं एक मोठं कारण मला या बिनपगारी वर्षांत दिसतं.

तक्रारीचं काय, हा प्रश्न तर आजही उघडा आहे. २०१३ चा लैंगिक छळविरोधी कायदा मालक आणि कर्मचारी या नात्यावर उभा आहे. वकिलांमध्ये आणि बार कौन्सिलमध्ये ते नातं नाही, म्हणून एका वकिलाने दुसरीचा छळ केल्यास बार कौन्सिलने या कायद्याखाली समिती नेमावी असं म्हणता येणार नाही, असा निकाल मुंबई हायकोर्टाने जुलै २०२५ मध्ये दिला. अॅडव्होकेट्स अॅक्टच्या कलम ३५ खाली गैरवर्तनाची तक्रार करण्याची वाट तेवढी खुली आहे. म्हणजे तळोद्यातल्या ज्युनियर मुलीने मुंबईतल्या राज्य बार कौन्सिलकडे तक्रार करायची, आणि दुसऱ्या दिवशी त्याच बार रूममध्ये त्याच लोकांसमोर बसायचं. सीनियरच्या ऑफिसात शिकाऊ म्हणून काम करणारी मुलगी जिल्हाधिकाऱ्यांनी नेमलेल्या स्थानिक समितीकडे जाऊ शकते, असं माझं मत आहे, कारण त्या कायद्यात शिकाऊही कर्मचाऱ्यांत धरले आहेत. जिल्ह्याच्या बारने एखाद्या ज्युनियरच्या पाठीशी उभं राहून ही वाट वापरून पाहावी.

जातीच्या बाबतीत वाट कागदावर आहे, पण अंधुक. १९८९ चा अॅट्रॉसिटी कायदा चारचौघांत केलेल्या जातिवाचक अपमानाला शिक्षा देतो, आणि २०१५ च्या दुरुस्तीनंतर आर्थिक बहिष्काराला आणि व्यवसाय करण्यापासून अडवण्यालाही. पण जात पाहून ब्रीफ न देणं, ज्युनियर म्हणून न घेणं, हे त्यात बसवून सिद्ध करणं अवघड आहे, असं मला वाटतं. १९२३ मध्ये सॉलिसिटर फर्मनी जे केलं, ते आज जळगावात किंवा धुळ्यात कुणी केलं, तर त्याची तक्रार तडीला नेणं आजही सोपं नाही.