सोलापूरहून जर्मनीला: वसतिगृह किंवा सामायिक फ्लॅटमधल्या खोलीचा अर्ज, कागदपत्रे आणि पत्त्याची नोंदणी

व्हिसाची धावपळ सुरू झाली की खोलीचा विषय ‘तिथे गेल्यावर बघू’ म्हणून मागे पडतो. जर्मनीत हे महागात जाते. पत्त्याची सरकारी नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग, झाल्याशिवाय कर क्रमांक मिळत नाही आणि निवास परवान्याचे कामही अडते. म्हणून खोली बघताना भाड्याच्याही आधी विचारायचे: या पत्त्यावर नोंदणी करता येईल ना?

वसतिगृहासाठी अर्ज

विद्यापीठांची बहुतेक वसतिगृहे ‘श्टुडियरेंडनवेर्क’ नावाची विद्यार्थी सेवा संस्था चालवते. ती प्रत्येक शहराची किंवा विभागाची वेगळी असते, त्यामुळे अर्जही वेगळा. पात्रता एवढीच, की त्या विभागातल्या विद्यापीठात तुमचा प्रवेश हवा. बऱ्याच ठिकाणी प्रवेशपत्र हाती येण्याआधीही प्रतीक्षा यादीत नाव लावता येते, तेव्हा थांबू नका. म्युनिकसारख्या शहरात ही यादी काही सत्रे हलत नाही. काही संस्था मधूनमधून ईमेल पाठवून ‘अजून खोली हवी आहे का’ असे विचारतात. मुदतीत होकार दिला नाही तर नाव कटते, आणि हा ईमेल नेमका स्पॅममध्ये जाऊन पडतो.

कागदपत्रे मोजकीच: पासपोर्टची प्रत, प्रवेशपत्र किंवा विद्यापीठातल्या नोंदणीचा दाखला, कुठे कुठे ब्लॉक्ड अकाउंटचे, म्हणजे राहण्याच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवलेल्या आणि दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या खात्याचे पत्र. या खात्यात सध्या वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, म्हणजे महिन्याला ९९२ युरो सुटतात. भाड्याचा हिशेब त्यातच बसवायचा.

नाव मात्र नीट तपासा. आपल्याकडे बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, महापालिकेच्या जन्मदाखल्यावर निराळी मांडणी, पासपोर्टवर तिसरीच, हे सर्रास असते. भाडेकरारावर नाव पासपोर्टप्रमाणेच, वडिलांच्या नावासकट, अक्षरशः तसेच लिहून घ्या. पासपोर्टमध्येच चूक असेल तर ती इथून, सोलापूरच्या पोस्टातल्या पासपोर्ट सेवा केंद्रातून, निघण्याआधी दुरुस्त करून घ्या.

खासगी सामायिक फ्लॅट

याला तिथे ‘वेगे’ म्हणतात. प्रत्येकाला स्वतंत्र खोली. स्वयंपाकघर आणि बाथरूम सामायिक. आधीचे राहणारे व्हिडिओ कॉलवर बोलून माणूस निवडतात. करार थेट मालकाशी आहे की मुख्य भाडेकरूच्या हाताखाली पोटभाडेकरू म्हणून, हे विचारून घ्या. पोटभाडे असेल तर मालकाची परवानगी लागते. जाहिरातीत ‘काल्टमीटे’ लिहिले असेल तर ते नुसते भाडे. ‘वार्ममीटे’त हीटिंग, पाण्याचा खर्च धरलेला असतो, पण वीज आणि इंटरनेट बऱ्याचदा वेगळे.

अनामत रक्कम कायद्याने तीन महिन्यांच्या काल्टमीटेपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि ती तीन समान मासिक हप्त्यांत देण्याचा हक्क भाडेकरूला आहे. ‘मालक परदेशात आहे, पैसे पाठवा, चावी कुरियरने येईल’ असे कोणी म्हणाले की तो विषय तिथेच संपवा. सोलापुरातल्या बँकेतून पैसे पाठवताना ए-२ फॉर्म (परदेशी पैसे पाठवण्याचा अर्ज) आणि पॅन लागतो. पैसे कशासाठी पाठवतो हे सांगणारा पर्पज कोड शिक्षणासाठीच्या प्रवासाला एस ०३०५ आहे, त्यात वसतिगृहाचा खर्चही येतो. खाते करारातल्याच व्यक्तीच्या नावावर आहे का, ते पाठवण्याआधी पाहा.

नोंदणी

राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नोंदणी करायची असते. मोठ्या शहरांत नोंदणी कार्यालयाची अपॉइंटमेंट लवकर मिळत नाही, म्हणून ती विमानात बसण्याआधीच ऑनलाइन शोधायला लागा. सोबत पासपोर्ट, व्हिसा, भरलेला फॉर्म आणि घर देणाऱ्याने सही केलेला ‘वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग’ हा कागद न्यायचा. त्यावर राहायला आल्याची तारीख, पत्ता आणि राहणाऱ्यांची नावे असतात. नेमके इथेच मुले अडकतात: भाडेकरार दाखवून भागत नाही, हाच कागद लागतो. पोटभाडेकरूला तो मुख्य भाडेकरूही देऊ शकतो. मित्राचा पत्ता ‘फक्त नोंदणीपुरता’ वापरू नका. राहत नसलेल्या ठिकाणी नोंदणीसाठी पत्ता देणाऱ्याला ५०,००० युरोपर्यंत दंड होऊ शकतो.

नोंदणी झाली की त्याच दिवशी टपालपेटीवर आपले आडनाव चिकटवा. तिथे पत्र फ्लॅट नंबरवर नाही, पेटीवरच्या नावावर येते. नाव नसेल तर कर क्रमांकाचे पत्र आणि विम्याचे कार्ड परत जाते.

थोड्याच दिवसांत रेडिओ-टीव्ही शुल्काचे पत्र येईल: दरमहा १८.३६ युरो, पण माणशी नव्हे, घराला एक. सामायिक फ्लॅटमध्ये कोणी आधीच भरत असेल तर त्याचा शुल्क क्रमांक कळवून आपले नाव वगळून घ्या आणि आपला वाटा त्याला द्या. वसतिगृहात सर्वांना खुल्या कॉरिडॉरवर उघडणारी खोली मात्र स्वतंत्र घर धरली जाते, तिथे प्रत्येकाला भरावे लागते.