डेटा ॲक्विझिशन कार्ड आणि ‘रिअल-टाइम’ शब्दाचा घोळ : पार्श्वभूमी

ठरावीक अंतराने व्होल्टेज मोजून त्याचे आकडे संगणकात उतरवणारे कार्ड आज अभियांत्रिकीच्या बहुतेक प्रयोगशाळांत सापडते. त्याच्या खोक्यावर ‘रिअल-टाइम’ हा शब्दही पुष्कळदा असतो. तो तिथे कसा आला आणि त्याचा अर्थ कसा सरकत गेला, हे माहीत नसेल तर दोन गोष्टींचा उलगडा होत नाही. जुने, धडधाकट कार्ड नव्या संगणकात का रुसते? आणि सेकंदाला लाखो नमुने घेणारे कार्ड एका साध्या मोटरचा वेग आवरायला का कमी पडते?

पीसीच्या आधीचा काळ थोडक्यात आटोपता येतो. कागदाच्या पट्टीवर शाईने रेघ ओढणारे रेकॉर्डर होते, मग १९६० च्या दशकात मिनिकॉम्प्युटर आले. आपल्याकडे ट्रॉम्बेला त्या दशकाच्या अखेरीस १२ बिटांचा संगणक तयार झाला आणि त्याच्या नावातही ट्रॉम्बे होते. अशा यंत्राला मापनाचे काम दिले की प्रोसेसरला दुसरा वाटेकरी नसे. आयबीएमच्या १९८१ च्या पीसीने आणि १९८४ च्या १६ बिटी स्लॉटच्या ‘एटी’ या पुढच्या पीसीने हे चित्र बदलले. यंत्र स्वस्त झाले, पण त्याच्या प्रोसेसरवर आता कीबोर्ड, डिस्क, पडदा आणि मापन या सगळ्यांचा हक्क आला. पुढची सगळी भानगड या वाटणीची आहे.

एटीच्या त्या बसला, म्हणजे स्लॉट आणि प्रोसेसर जोडणाऱ्या मार्गाला, आयएसए हे नाव नंतर चिकटले. तिच्यात कार्ड बसवताना पत्ता, म्हणजे प्रोसेसरने कार्डाला ज्या क्रमांकाने ओळखायचे तो क्रमांक, हाताने ठरवावा लागे. मूळ पीसीच्या पत्तेवारीत हेक्स (१६ च्या पायावरचे अंकलेखन) ३०० पासूनचे ३२ पत्ते प्रयोगासाठी बनवलेल्या कार्डांना राखून ठेवले होते. त्यामुळे बहुतेक मापन-कार्डे कारखान्यातूनच ३०० वर लावून येत. पण त्या काळी सर्वत्र दिसणारी १६ बिटी नेटवर्क कार्डेही तोच पत्ता धरून बसत. मग संगणक सुरू होताना नेटवर्कचा ड्रायव्हर ‘माझे कार्ड इथे आहे का’ हे पाहायला ३०० वर काहीतरी लिही आणि मापन-कार्डाचे डिजिटल आउटपुट आपोआप चालू होई. त्याला रिले जोडलेला असेल तर रिलेही ओढला जाई. लिनक्समध्ये यावर उपाय होता : ते ३२ पत्ते राखीव ठेव, असे कर्नलला (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला) सुरुवातीलाच सांगायचे.

पत्ता लावायला कार्डावर चिमुकल्या खटक्यांची ओळ, म्हणजे डिप स्विच, असे. त्याच्या सहा खटक्यांना हेक्समध्ये २००, १००, ८०, ४०, २० आणि १० अशी वजने असत. ३०० साठी पहिले दोन मोजायचे, बाकीचे सोडायचे. घोटाळा असा की बऱ्याच कार्डांवर ‘ऑन’ म्हणजे शून्य आणि ‘ऑफ’ म्हणजे एक. माहितीपुस्तिका न वाचता उलटे लावले की ३०० ऐवजी एफ० हा पत्ता लागतो, आणि एटीत तो मदरबोर्डाच्या स्वतःच्या हद्दीतला, गणिती सहप्रोसेसरचा पत्ता. कार्ड ‘मेले’ म्हणून बाजूला ठेवण्याआधी हे तपासलेले बरे. आजही जुन्या कार्डांच्या बाबतीत पहिली शंका इथेच घ्यावी. त्यानंतर आयआरक्यूचा, म्हणजे प्रोसेसरला मधेच हाक मारणाऱ्या इंटरप्टच्या क्रमांकाचा, जंपर (दोन पिना जोडणारी टोपी). ५ आणि ७ हे प्रिंटर पोर्टांचे. एटीत १०, ११ आणि १५ सहसा मोकळे. आयएसएवर इंटरप्ट सिग्नलच्या चढत्या कडेवर ओळखला जाई, म्हणून दोन कार्डांना एकच क्रमांक दिला की एकाची हाक दुसऱ्याच्या हाकेत बुडे. डीएमए (प्रोसेसरला वगळून आकडे थेट मेमरीत नेणाऱ्या) वाहिनीचे तसेच. ८ बिटी वाहिनीसाठी मेमरीतला बफर (आकडे साठवायची जागा) ६४ किलोबाइटची सीमा ओलांडता कामा नये. ओलांडली तर पुढचे आकडे त्याच ६४ किलोबाइटच्या पानाच्या सुरुवातीला जाऊन पडत आणि तिथे जे काही असेल ते पुसले जाई.

आता वेळेकडे. पहिल्या पिढीत वेळ प्रोसेसर पाळी. तो कार्डाला ‘मोज’ म्हणे आणि रूपांतर पूर्ण झाल्याचा बिट येईपर्यंत घिरट्या घाले. त्या काळच्या लोकप्रिय १२ बिटी रूपांतरकाला साधारण २५ मायक्रोसेकंद लागत. दोन नमुन्यांतले अंतर प्रोग्रामच्या लूपवर ठरे, म्हणून तोच प्रोग्राम वेगवान यंत्रावर नेला की आलेखाचा वेळेचा अक्षच खोटा होई. शिवाय सेकंदाला १८.२ वेळा येणारा संगणकाचा स्वतःचा टिक मधेच घुसून अंतर बिघडवी.

दुसऱ्या पिढीत कार्डावरच तीन गणकांची टायमर चिप आली. १ मेगाहर्ट्झचे घड्याळ, दोन गणक साखळीत, एकाने १० ने भागायचे आणि दुसऱ्याने १०० ने, की सेकंदाला बरोबर १००० नमुने. प्रत्येक भाजक किमान २ हवा, त्यामुळे ९९७ सारख्या मूळ संख्येने भागणे साखळीत जमत नसे, पण तेवढे चालण्यासारखे होते. महत्त्वाचे हे की नमुना कधी घ्यायचा हा निर्णय प्रोसेसरच्या हातून गेला. पुढे कार्डावर फिफो, म्हणजे आधी आलेला नमुना आधी बाहेर देणारा छोटा साठा, आला. समजा ५१२ नमुन्यांचा फिफो आहे आणि वेग सेकंदाला १,००,००० आहे. अर्धा भरला की, म्हणजे २.५६ मिलिसेकंदांनी, इंटरप्ट येतो आणि उरलेला अर्धा भरायला आणखी २.५६ मिलिसेकंद असतात. तेवढ्यात प्रोसेसर आला नाही तर फिफो उतू जातो आणि चांगले कार्ड तशी त्रुटी नोंदवून मापन थांबवते. थांबवणे हेच योग्य. मधले नमुने गुपचूप गाळून पुढे चालणारे कार्ड जास्त घातक, कारण त्याचा आलेख बघायला निर्दोष दिसतो.

वेग वाढला तसा एक जुना दोषही डोके वर काढू लागला. १६ वाहिन्यांच्या कार्डावर रूपांतरक एकच असतो आणि मल्टिप्लेक्सर त्याला आळीपाळीने एकेक वाहिनी जोडतो. सेन्सरचा अंतर्गत रोध १०० किलोओहम आणि कार्डाच्या तोंडाशी धारिता १०० पिकोफॅरड असेल तर कालस्थिरांक (व्होल्टेज किती हळू स्थिरावते याचे माप) १० मायक्रोसेकंद होतो. १२ बिटांच्या अचूकतेत स्थिरावायला त्याच्या नऊपट, म्हणजे ९० मायक्रोसेकंद हवेत, आणि १,००,००० च्या वेगाला मिळतात १०. परिणामी दुसऱ्या वाहिनीत पहिलीची सावली दिसते. उपाय दोनच : सेन्सरजवळ बफर ॲम्प्लिफायर लावणे किंवा वेग कमी करणे. महागडे कार्ड हा तिसरा उपाय नव्हे.

मग खोक्यावरच्या त्या शब्दाचे काय? १९९० च्या दशकातल्या जाहिरातींत ‘रिअल-टाइम’ तीन वेगवेगळ्या अर्थांनी येई. पहिला, मोजलेले लगेच पडद्यावर दिसते. दुसरा, नमुने कार्डावरच्या घड्याळाच्या ठोक्यावर घेतले जातात. तिसरा, आणि शास्त्रात मूळचा, असा की आत घेतलेल्या सिग्नलवर हिशेब करून उत्तर ठरल्या मुदतीत बाहेर पडेलच, एकदाही चुकणार नाही. पहिल्या अर्थाला मोठा वेग पुरतो. दुसऱ्याला कार्डावरचे घड्याळ आणि ऐसपैस बफर पुरतो. प्रोसेसर थोडा उशिरा आला तरी काही बिघडत नाही. तिसऱ्याला यातले काहीच पुरत नाही. दर मिलिसेकंदाला मोटरचा वेग मोजून तिचे व्होल्टेज सुधारायचे असेल तर बफरात साठलेले हजार नमुने म्हणजे हजार मिलिसेकंदांचा शिळा माल.

मराठीत हा गुंता आणखी वाढतो. ‘रिअल-टाइम’ला आपण ‘तत्काळ’, ‘त्वरित’, ‘वास्तविक वेळेत’ असे शब्द योजतो. पहिले दोन वेग सांगतात आणि तिसरा तर काहीच सांगत नाही. अभिप्रेत गुणासाठी आपल्याकडे नेमका शब्द आहे : वक्तशीर. सुसाट धावणारी पण कधी दहा मिनिटे उशिरा येणारी गाडी वक्तशीर नसते. सावकाश चालणारी पण रोज ठरल्या मिनिटाला फलाटाला लागणारी असते. मोटरला दुसरी गाडी हवी असते. ‘डेटा ॲक्विझिशन’चेही असेच. ‘विदा संपादन’ म्हटले की वाचकाला आकड्यांची काटछाट केल्याचा भास होतो, कारण संपादन म्हणजे मिळवणे आणि संपादन म्हणजे संपादकाचे कामही. मापनाच्या क्षेत्रात आकड्यांची काटछाट हा गंभीर आरोप आहे. म्हणून लोक ‘डॅक कार्ड’ म्हणतात ते बरे.

डॉसमध्ये हा फरक झाकला जाई, कारण प्रोग्राम थेट पोर्टवर (कार्डाच्या पत्त्यावर) लिही आणि हवे तर सगळे इंटरप्ट बंद करी. १९९३ नंतरच्या एनटी घराण्याच्या विंडोजने सामान्य प्रोग्रामला पोर्टला हात लावायची मनाई केली. प्रत्येक कार्डाला कर्नलमधला ड्रायव्हर लागू लागला. हा निर्णय त्या काळी फार टोचला आणि हजारो चालते प्रोग्राम एका फटक्यात निकामी झाले. तरी एका प्रोग्रामच्या चुकीने अख्खे यंत्र बसू नये, यासाठी तो आवश्यकच होता. चूक दुसरीकडे होती : ड्रायव्हर मिळाला म्हणजे वक्तशीरपणाही मिळाला, असे ग्राहकाला वाटू दिले गेले.

१९९२ मध्ये पीसीआय या नव्या बसचे पहिले मानक आले. ३२ बिट, ३३ मेगाहर्ट्झ. जंपर गेले, पत्ता संगणकच देऊ लागला आणि कार्ड स्वतः मेमरीत लिहू लागले. बसवण्याचा क्रम मात्र उलटला : आधी सॉफ्टवेअर, मग कार्ड. आधी कार्ड खोचले तर विंडोज ते ‘अज्ञात उपकरण’ म्हणून नोंदवी आणि ती नोंद काढून टाकल्याशिवाय खरा ड्रायव्हर लागत नसे. पीसीआयवर इंटरप्ट सिग्नलच्या कडेवर नव्हे तर त्याच्या पातळीवर ओळखला जातो, म्हणून चार कार्डे एक क्रमांक वाटून घेऊ शकतात. पण शेजाऱ्याचा ड्रायव्हर आळशी असेल तर त्याच्या दिरंगाईची शिक्षा मापन-कार्डाला. कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये हलवले की इंटरप्टची ओळ बदलते आणि पुष्कळदा दोष जातो; हा उपाय जादूचा वाटतो तो यामुळे.

तिसऱ्या अर्थाचे काम याच दशकात लिनक्सवर झाले. युक्ती सुंदर होती : तळाशी एक छोटा वक्तशीर कर्नल ठेवायचा आणि अख्खे लिनक्स त्याचे सर्वांत कमी प्राधान्याचे काम म्हणून चालवायचे. लिनक्सने ‘इंटरप्ट बंद’ म्हटले तरी प्रत्यक्षात फक्त एक खूण बदले. हार्डवेअरचा इंटरप्ट छोट्या कर्नलला पोहोचतच राही. १९९९ मध्ये या कल्पनेला अमेरिकेत पेटंट मिळाले आणि ती कुणी, कोणत्या अटींवर वापरायची यावर वाद सुरू झाला. दुसरी वाट म्हणजे लिनक्सच्या कर्नललाच मधे अडवता येईल असे करणे. तिच्यावर २००० च्या दशकाच्या मध्यापासून काम चालले आणि ती मुख्य कर्नलमध्ये पूर्ण पोहोचायला २०२४ ची ६.१२ आवृत्ती उजाडावी लागली.

यूएसबीने जोडायच्या मापन-पेट्यांनी मधल्या काळात बाजार व्यापला. यूएसबी २.० ची देवाणघेवाण १२५ मायक्रोसेकंदांच्या तुकड्यांत चालते आणि वर यजमान संगणकाची रांग असते. नोंदणीला उत्तम, मिलिसेकंदाच्या नियंत्रणाला नाही. पीसीआय एक्सप्रेसने पुन्हा स्लॉटचा मार्ग खुला केला. पण आज मदरबोर्डावर दिसणारा जुना पीसीआय स्लॉट बहुधा ब्रिज चिपच्या मागे असतो आणि औद्योगिक बोर्डांवरच्या बऱ्याचशा आयएसए स्लॉटांना डीएमए नसतेच. जुने आयएसए कार्ड असेल तर बोर्ड घेण्याआधी हे विक्रेत्याकडून लिहून घ्यावे. पीसीआय कार्डाच्या सोनेरी कडेतल्या खाचा मोजाव्यात : दोन असतील तर ते ५ आणि ३.३ व्होल्ट दोन्ही स्लॉटांत बसते, एकच असेल तर एकाच प्रकारात.

नियंत्रणासाठी यंत्र लावताना बायोसमधली वीजबचत आणि यूएसबी कीबोर्डाला जुन्या कीबोर्डासारखे भासवणारी नक्कल बंद करतात. बायोस त्या कामांसाठी ऑपरेटिंग सिस्टिमच्या नकळत प्रोसेसर ताब्यात घेतो आणि मुदत तिथेच चुकते. नक्कल बंद केल्यावर यूएसबी कीबोर्ड बायोसमध्ये चालत नाही असे काही बोर्डांवर होते, तेव्हा पीएस/२ कीबोर्ड हाताशी ठेवावा. त्यानंतर डिस्क आणि नेटवर्कवर भरपूर ताण टाकून यंत्र काही तास चालवायचे आणि सरासरी विलंबाकडे न पाहता सर्वांत वाईट विलंब नोंदवायचा.